हॅटच्या पट्ट्यामागचा कागद

आमच्या घरी गणपतीत एक गोष्ट ठरलेली असायची. रात्रीची आरती झाली, प्रसादाच्या वाट्या धुवून पालथ्या पडल्या आणि मोठी माणसं पत्ते घेऊन बसली, की कोणीतरी म्हणायचं, "अण्णा, ती टोपीची गोष्ट होऊन जाऊ दे." अण्णा म्हणजे माझे आजोबा. ते हातातली पानं उलटी ठेवायचे आणि सुरू व्हायचे.

साल १९२१. विलायतेचा युवराज मुंबईत उतरला तो दिवस. अण्णांचे वडील, म्हणजे माझे पणजोबा, तेव्हा एकवीस वर्षांचे होते. ते परळला गांधीजींच्या सभेला गेले, परदेशी कपड्यांची होळी पाहिली आणि पायी गिरगावात परत निघाले. वाटेत एक गोरा साहेब आडवा आला. पणजोबांनी त्याच्या डोक्यावरची हॅट उडवली, काखेत मारली आणि थेट चाळीत आणली.

"पुरावा हवाय?" असं म्हणून अण्णा माळ्याकडे बोट दाखवायचे. माळ्यावर पत्र्याची ट्रंक होती आणि ट्रंकेत हॅट होती. आम्हा पोरांना ती लांबूनच दाखवली जायची. शाळेत स्वातंत्र्यलढ्याचा धडा आला की माझी छाती उगाच इंचभर फुगायची. आमच्या घरातही लढा झाला होता, आणि त्याची वस्तू आमच्याकडे होती.

तीन वर्षांपूर्वी चाळ पुनर्विकासाला गेली. खोली रिकामी करताना ट्रंक खाली आली. पितळेची भांडी काकूने नेली, पाट आणि जातं मामाकडे गेलं. हॅट मात्र कोणालाच नको होती. मी तेव्हा घरून काम करत होतो आणि कोड कंपाइल होईपर्यंत हाताला काहीतरी चाळा लागायचा. म्हणून हॅट माझ्या टेबलावर आली. आज माझ्याकडे अशा पाच हॅट आहेत, पण हा लेख त्या पहिलीबद्दलच आहे.

बोलरची हॅट

काळी, कडक, वरून अर्धगोल घुमटासारखी आणि कडा दोन्ही बाजूंनी वर वळलेल्या. चार्ली चॅप्लिनच्या डोक्यावर असते तीच. तिला 'बोलर' म्हणतात हे कळलं तेव्हा मला पहिल्यांदा शिवाजी पार्क आठवलं. क्रिकेटशी तिचा संबंध नाही, पण हॅटचा आहे. १८५८ साली इंग्लंडमधल्या शेफील्डच्या सामन्यात एच. एच. स्टीफन्सन नावाच्या गोलंदाजाने लागोपाठ तीन चेंडूंवर तीन गडी बाद केले. लोकांनी वर्गणी काढून त्याला एक हॅट भेट दिली. तिथून 'हॅट-ट्रिक' शब्द आला असं सांगतात.

बोलर हॅटला नाव मिळालं ते थॉमस आणि विल्यम बोलर या लंडनच्या कारागिरांवरून. १८४९ साली एडवर्ड कोक नावाच्या जमीनदार घराण्यातल्या माणसाने लॉक अँड कंपनी या दुकानात एक मागणी नोंदवली. त्याच्या शिकारी रानाचे रखवालदार घोड्यावरून हिंडायचे, तेव्हा त्यांच्या उंच टोप्या झाडांच्या फांद्यांना अडकून पडायच्या. त्याला बुटकी, घट्ट बसणारी आणि डोक्याला मार लागू न देणारी टोपी हवी होती. लॉकने ते काम बोलर बंधूंना दिलं. हॅट तयार झाल्यावर कोक दुकानात आला, ती जमिनीवर ठेवून तिच्यावर पाय देऊन उभा राहिला, आणि ती चेपली नाही म्हणून पैसे मोजून घेऊन गेला, अशी कथा आहे. म्हणजे ही हॅट साहेबासाठी जन्मलीच नव्हती, ती साहेबाच्या नोकरासाठी होती. पुढे कारकुनांनी घातली, मग बँकवाल्यांनी. अमेरिकेत ती 'डर्बी' झाली. दक्षिण अमेरिकेत बोलिव्हियातल्या आदिवासी बायकांनी ती आपलीशी केली आणि त्या ती आजही घालतात.

पण ही हॅट इतकी कडक कशी? ती ससाच्या केसांपासून केलेल्या फेल्टची असते, आपल्याकडे ज्याला नमदा म्हणतात तसल्या. नुसतं फेल्ट मऊ पडतं. त्यात लाख मुरवतात, म्हणजे पळस, बोर आणि कुसुंबाच्या झाडांवर वाढणाऱ्या किड्याचा राळेसारखा पदार्थ. ही लाख मुख्यतः भारतातून जायची, छोटा नागपूरच्या जंगलांतून कलकत्त्याला आणि तिथून बोटीने विलायतेला. जुन्या ग्रामोफोनच्या तबकड्या याच लाखेच्या असत. आपल्या आजीच्या कपाटाचं पॉलिश याच लाखेचं. लंडनच्या साहेबाच्या डोक्यावरचा ताठा आपल्या आदिवासींनी झाडावरून खरवडून काढलेला होता, हे कळल्यावर मला ती हॅट एकदम ओळखीची वाटायला लागली.

दुरुस्ती

माझ्या हॅटची अवस्था वाईट होती. घुमटाला डाव्या बाजूने मूठ बसावी तसा पोचा. कडेची रेशमी फीत उसवलेली. दोन ठिकाणी कसर लागून फेल्टला भोकं पडलेली. वर शंभर वर्षांच्या मुंबईच्या पावसाळ्याचा तो ओळखीचा कुबट वास.

मी व्हिडिओ बघून कामाला लागलो आणि पहिल्याच दिवशी घाण केली. पोचा काढायला लाख मऊ करावी लागते, त्यासाठी ऊब हवी. मी केस वाळवायचं यंत्र जवळ धरलं आणि मीटिंगमध्ये बोलत बसलो. कडेचा सुंदर वळसा एका बाजूला सपाट पडला. आमच्या धंद्यात चूक झाली की जुनी आवृत्ती परत आणता येते. इथे ती सोय नाही.

त्यानंतर मी हळू झालो. आधी मऊ ब्रशने धूळ काढायची, ती नेहमी एकाच दिशेने, फेल्टच्या लवेबरोबर. तेलकट डागांवर कॉर्नफ्लॉवर पसरून रात्रभर ठेवायचं आणि सकाळी झटकायचं. पोचा काढताना वाफ लांबून द्यायची, थोडी थोडी, आणि आतून बोटांनी दाबत राहायचं. लाख गार झाली की आकार धरते. जिथे ती तडकलेली आहे तिथे पॉलिशवाल्यांकडची चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून आतल्या बाजूने पातळ हात मारायचा. हातमोजे आणि मास्क मात्र विसरायचे नाहीत. पूर्वी ससाचे केस एकमेकांत नीट गुंतावेत म्हणून त्यांना पाऱ्याचं संयुग लावायचे. त्या वाफांनी टोपी करणाऱ्या कारागिरांचे हात कापायला लागायचे, डोक्यावर परिणाम व्हायचा. जुन्या फेल्टमध्ये तो पारा अजून असू शकतो.

सगळ्यात शेवटी आतला चामडी पट्टा. कपाळाचा घाम तोच शोषतो. शंभर वर्षांचं चामडं पापडासारखं होतं, वाकवलं की मोडतं. मी त्याला दोन दिवस थोडं थोडं मलम लावत राहिलो. तिसऱ्या दिवशी तो पुरेसा मऊ झाला, तेव्हा मी त्याच्या मागे डोकावलो. तिथे कागद होता.

वर्तमानपत्राची लांब पट्टी, चार घड्या घातलेली. हॅट डोक्याला सैल झाली की लोक पट्ट्यामागे असा कागद सारत, ही जगभरची युक्ती. मी चिमट्याने तो बाहेर काढला आणि घड्या उलगडल्या. अक्षरं गुजराती होती.

गिरगावात वाढलेल्याला गुजराती अक्षरं थोडीफार लागतात. वरची रेघ मनातल्या मनात ओढायची की अर्धं कळतं. उरलेलं मी ऑफिसातल्या मैत्रिणीला फोटो पाठवून वाचून घेतलं. एका बाजूला औषधाची जाहिरात होती. दुसऱ्या बाजूला मृत्यूच्या बातम्या होत्या, त्यांत 'रोज' आणि 'माह' अशी पारशी पंचांगातली तिथी होती, उठमण्याची वेळ होती आणि डुंगरवाडीचा उल्लेख होता.

गोऱ्या साहेबाने गुजराती छापा कशाला घेतला असता? आणि घेतलाच, तर पारशी मयताच्या बातम्यांचा का?

डोकं झाकणारं शहर

इथे थोडं मागे जायला हवं. आपल्या भाषेत युरोपियन माणसाची पहिली ओळख टोपीवरून झाली. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या 'आज्ञापत्रा'त इंग्रज, फ्रेंच, डच अशा सगळ्यांना मिळून एक शब्द आहे, 'टोपीकर'. ते टोपीवाले, आपण पागोटेवाले. टोपी घालणं म्हणजे फसवणं, हा वाक्प्रचारही आपल्याकडे आहेच.

फरक नुसता आकाराचा नव्हता. साहेब घरात शिरला की आदर म्हणून हॅट काढणार आणि बूट पायात ठेवणार. आपण जोडे दाराशी काढणार आणि डोकं झाकलेलं ठेवणार. उघडं डोकं म्हणजे सुतक किंवा अपमान. 'बोडकं' हा शब्द मराठीत किती वाईट अर्थाने वापरला गेला, हे आपल्या आज्या-पणज्यांना विचारावं. कोणाच्या पायावर पागोटं ठेवणं म्हणजे स्वतःला संपूर्ण त्याच्या हवाली करणं. मुंबईत भाड्याच्या खोलीसाठी वरून मोजावे लागणारे पैसेसुद्धा 'पगडी'च. आमची गिरगावातली खोलीही पगडीचीच होती.

आणि प्रत्येकाची पगडी वेगळी. ब्राह्मणाची वेगळी, प्रभूंची वेगळी, भाटियांची वेगळी, बोहऱ्यांची वेगळी. भायखळ्याच्या राणीच्या बागेतल्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात मुंबईतल्या वेगवेगळ्या समाजांच्या माणसांच्या मातीच्या लहान मूर्ती आहेत. तिथे जाऊन फक्त डोकी बघत फिरा. समोरच्याची जात, धर्म, धंदा, सगळं चार हातांवरून कळायचं. आज आपण आडनाव विचारतो, तेव्हा विचारायची गरजच नव्हती.

पारशांनी यात दोन गोष्टी केल्या. एक त्यांची जुनी चकचकीत, ठिपक्यांची, आत कडक साचा असलेली पगडी, जी जमशेटजी टाटांच्या पुतळ्यांवर दिसते. दुसरा त्यांचा 'फेटा', जो आपल्या कोल्हापुरी फेट्यासारखा अजिबात नसतो. तो गोल, कडक, काळा किंवा करडा असतो आणि खाली जाड गुंडाळीसारखी कड असते. लांबून पाहिलं तर बोलर हॅटचा चुलतभाऊ. त्या फेट्यावरून सरळ विलायती हॅटकडे जायला फार अंतर नव्हतं, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिकलेले अनेक पारशी तिथवर पोचले होते.

टोप्यांच्या या शहरात टोप्यांचा धंदाही मोठा होता. कोकणातले अनंत शिवाजी देसाई मुंबईत आले आणि टोप्यांच्या व्यापारात इतके वर आले की आडनावच टोपीवाले झालं. राजा रविवर्म्याची देवादिकांची चित्रं छापून घराघरांत पोचवणाऱ्यांत तेही होते. मालवणचं टोपीवाला हायस्कूल आणि लॅमिंग्टन रोडजवळची टोपीवाला लेन ही याच घराण्याची नावं. नायर रुग्णालयाचं मेडिकल कॉलेज सुरू झालं ते १९२१ साली, असहकाराच्या वातावरणात 'नॅशनल मेडिकल कॉलेज' म्हणून. पुढे याच घराण्यातल्या मोतीराम देसाई टोपीवाल्यांच्या देणगीमुळे त्याला टोपीवाला हे नाव लागलं. ज्या वर्षी ते कॉलेज निघालं, त्याच वर्षी मुंबईच्या रस्त्यांवर लोकांच्या टोप्या हिसकावल्या जात होत्या.

१७ नोव्हेंबर १९२१

त्या वर्षी ३१ जुलैला परळच्या एल्फिन्स्टन मिलच्या आवारात गांधीजींनी परदेशी कपड्यांची मोठी होळी पेटवली होती. विलायती टोप्याही आगीत गेल्या. त्यांच्या जागी आली पांढरी खादीची टोपी. ती गांधीजींनी विचार करून निवडली होती. काका कालेलकरांना त्यांनी सांगितलं होतं की आपण देशातल्या वेगवेगळ्या टोप्या पाहिल्या आणि काश्मिरी टोपीचा आकार सगळ्यात सोयीचा वाटला. ती हलकी असते, घडी करून खिशात मावते. पांढरी असल्यामुळे मळ दिसतो, म्हणून ती धुतली जाते. बोलर हॅटच्या अगदी उलट. एक पाय दिला तरी चेपत नाही, तर दुसरी मुळातच चपटी.

१७ नोव्हेंबरला इंग्लंडचा युवराज अपोलो बंदरावर उतरला. काँग्रेसने हरताळ पुकारला होता. त्याच दिवशी परळला पुन्हा सभा आणि पुन्हा होळी झाली. इथपर्यंत अण्णांची गोष्ट आणि इतिहास एकमेकांना जुळतात.

पुढे मात्र इतिहास वेगळं सांगतो. युवराजाच्या स्वागताला गेलेल्यांत युरोपियन होतेच, पण मोठ्या संख्येने पारशी, अँग्लो-इंडियन, ज्यू आणि ख्रिस्तीही होते. ते परतत असताना जमावाने त्यांना गाठलं. ट्रामवर हल्ले झाले. परदेशी टोप्या लोकांच्या डोक्यावरून ओढून काढल्या. पारशांची दारूची दुकानं जाळली. पारशी बायकांनाही सोडलं नाही. दुसऱ्या दिवसापासून पारशी आणि अँग्लो-इंडियन टोळ्यांनी उलट मार सुरू केला, आणि आता खादीची पांढरी टोपी डोक्यावर असणं हा गुन्हा ठरला. टोपी पाहायची आणि मारायचं, दोन्ही बाजूंनी. काही दिवसांत पन्नासहून जास्त माणसं मेली.

गांधीजी मुंबईतच होते आणि त्यांनी हे डोळ्यांनी पाहिलं. आपल्याच नावाचा जयजयकार करणारे लोक टोप्या ओढत होते, याची त्यांना लाज वाटली, आणि ती त्यांनी 'यंग इंडिया'त उघडपणे लिहून काढली. शांतता होईपर्यंत अन्न घेणार नाही म्हणून १९ तारखेला त्यांनी उपवास धरला आणि २२ तारखेला सोडला.

आमच्या हॅटच्या डाव्या बाजूचा पोचा मी तोपर्यंत सरळ करून टाकला होता. तो कशाचा असेल हा विचार मला फार उशिरा सुचला.

त्याच परळची दुसरी हॅट

एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा हिशेब पुरा होत नाही. परळमध्ये परदेशी टोप्या जळत होत्या, तेव्हा परळच्याच बी. आय. टी. चाळीतला एक माणूस लंडनमध्ये शिकत होता. १९२१ साली त्याला लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची एम. एस्सी. मिळाली. परत आल्यावर त्याने १९२४ मध्ये परळच्या दामोदर हॉलमध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे सूट, टाय आणि डोक्यावर हॅट असलेले फोटो आपण सगळ्यांनी पाहिले आहेत.

ज्या समाजात डोक्यावर काय घालायचं हे जात ठरवत होती, तिथे जातीची खूण नसलेली टोपी घालणं म्हणजे काय, हे त्या चाळीत राहणाऱ्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी बायकांनाही हेच सांगितलं. ज्या लुगड्याने आणि दागिन्यांनी तुम्ही लांबून ओळखल्या जाता, ते टाका. एकाच गावात, एकाच दशकात, विलायती हॅट एकासाठी गुलामी होती आणि दुसऱ्यासाठी त्या गुलामीतून बाहेर पडायचं दार. दोघांपैकी कोणी खोटं बोलत नव्हतं. म्हणून टोपी कोणती होती यापेक्षा ती कोण, कोणाला, उतरवायला लावत होतं, हे मला आता जास्त महत्त्वाचं वाटतं.

अण्णा

हे सगळं अण्णांना सांगावं की नाही, यात माझे दोन महिने गेले. ते आता दहिसरला काकांकडे असतात. मी एका रविवारी हॅट आणि कागद घेऊन गेलो.

"अण्णा, ही हॅट गोऱ्याची नसावी," मी म्हटलं.

"मग कोणाची?"

मी कागद दाखवला. त्यांनी भिंग लावून बराच वेळ पाहिला. मग भिंग बाजूला ठेवलं.

"बाबांनी ही गोष्ट स्वतः कधी सांगितली नाही," ते म्हणाले. "मी आईकडून ऐकली. आईने चाळीतल्यांकडून. बाबांना विचारलं की ते उठून गॅलरीत जायचे."

"मग हॅट ठेवली कशाला?"

"ते मला काय ठाऊक! पण दर दसऱ्याच्या आधी ट्रंक उतरवायचे. हॅट उन्हात ठेवायचे, ब्रश फिरवायचे, डांबरगोळ्या बदलायचे. कोणाला हात लावू द्यायचे नाहीत. मला वाटायचं, केवढा अभिमान आहे बाबांना." थोडं थांबून ते म्हणाले, "तू कागद परत तिथेच ठेव."

मी तो तिथेच ठेवला आहे, फक्त आम्लरहित कागदात गुंडाळून. चुरगळलेली कड आता बरीच सरळ झाली आहे. कसरीची भोकं मी बुजवली नाहीत. हॅट सात नंबरची आहे, साधारण बावीस इंच. मला ती कागद नसतानाही बरोबर बसते. ज्याच्याकडून ती आली त्याचं डोकं माझ्याहून लहान होतं. कदाचित ती त्याच्याकडेही दुसऱ्या कोणाकडून आली असेल, वडिलांकडून, भावाकडून.

यंदा गणपतीत पत्ते मांडल्यावर धाकट्या चुलतभावाने ठरल्याप्रमाणे फर्माईश केली. मला वाटलं अण्णा टाळतील. त्यांनी पानं उलटी ठेवली आणि सांगायला लागले. युवराज आला, परळची सभा झाली, होळी पेटली, सगळं तसंच. फक्त 'एक गोरा साहेब' इथे ते अडखळले आणि म्हणाले, "वाटेत एक माणूस आला. त्याची हॅट बाबांनी घेतली."

पुढे नेहमीची टाळी पडली नाही. काकांची सात वर्षांची नात तेवढी म्हणाली, "मग तो माणूस घरी कसा गेला, पणजोबा? डोकं उघडं ठेवून?"

अण्णांनी पानं उचलली, पण बराच वेळ पान टाकलं नाही.